मरणातला अर्धा वाटा

चैत्र शुद्ध नवमीला भर दुपारी रामजन्माचा पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात कीर्तन उभे राहते. वाल्मीकींनी रामजन्माचे नक्षत्रही सांगून ठेवले आहे: पुनर्वसू. रामनवमीच्या रात्री आठच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कोणत्याही गच्चीवरून पाहावे. नवमीचा चंद्र याच भागात असतो आणि माथ्यावरून किंचित पश्चिमेला कललेले दोन ठळक तारे त्याच्या उजेडातही ओळखता येतात. एक निळसर पांढरा, दुसरा पिवळसर नारिंगी. हात ताठ धरून मधली तीन बोटे आकाशाला लावली तर जवळपास तेवढ्याच रुंदीत दोघे मावतात. आपल्याकडे हे पुनर्वसू. ग्रीकांकडे हेच कॅस्टर आणि पोलक्स, मिथुन राशीतले जुळे भाऊ.

कालिदासालाही या ताऱ्यांत भावांची जोडी दिसली. रघुवंशाच्या अकराव्या सर्गात विश्वामित्रांबरोबर राम-लक्ष्मण मिथिलेत येतात. नगरवासी त्यांना डोळे भरून पाहत राहतात, आणि कवी म्हणतो, आकाशातले दोन पुनर्वसूच जणू भूमीवर उतरले आहेत. बारा राशींची चौकट ग्रीकांच्या संपर्कातून भारतात आली तेव्हा मिथुन राशीत जुळ्या भावांच्या जागी गदाधारी पुरुष आणि वीणाधारी स्त्री बसली. वराहमिहिराच्या बृहज्जातकात तिचे रूप असेच सांगितले आहे. नक्षत्रे मात्र त्या चौकटीहून जुनी. म्हणजे राशीच्या चित्रातून भाऊ गेले, पण कवीच्या नजरेत ते त्याच ताऱ्यांवर टिकून राहिले. हे कोणी कोणाकडून घेतले, या वादात शिरण्याचे कारण नाही. दोन दूरच्या समाजांना एकाच जागी भाऊ दिसले, एवढे पुरेसे आहे.

रामनवमी हा रामाचा जन्मोत्सव, तसा तो एका भावाच्या जन्माचाही दिवस आहे. त्या भावासाठी दुसऱ्याने राजवाडा सोडला आणि तिसऱ्याने हाती आलेले राज्य नाकारून चौदा वर्षे नंदिग्रामात पादुकांच्या नावाने कारभार केला. ही कथा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिची धार जाणवेनाशी होते. अशा वेळी दुसऱ्या भूमीतली, त्याच ताऱ्यांची कथा शेजारी ठेवली, तर आपली कथाही नव्याने वाचता येते. म्हणून यंदाच्या नवमीला स्पार्टाच्या या दोन भावांची आठवण.

लीडा ही स्पार्टाचा राजा टिंडॅरिअस याची राणी. देवांचा राजा झ्यूस हंसाच्या रूपाने तिच्याकडे आला. प्रचलित कथेप्रमाणे तिच्या मुलांपैकी पोलक्स झ्यूसचा, म्हणून अमर. कॅस्टर टिंडॅरिअसचा, म्हणून मर्त्य. ट्रॉयच्या युद्धाला निमित्त झालेली हेलन ही यांची बहीण. कॅस्टर घोडे वठणीवर आणण्यात निष्णात, पोलक्स मुष्टियुद्धात. सोनेरी लोकर आणायला निघालेल्या आर्गो जहाजावर दोघे होते, आणि वाटेत आमिकस नावाच्या दांडग्या राजाला पोलक्सनेच मुठीने लोळवले. एक मरणारा आणि एक न मरणारा, हा फरक दोघांमध्ये जन्मापासून होता. पण एकत्र वाढताना, एकत्र लढताना तो कोणाला दिसला नाही. जन्माने मिळालेला असा फरक सुखाच्या दिवसांत झाकलेला राहतो.

तो उघडा पडला एका वाटणीवरून. इडास आणि लिन्सिअस हे यांचे चुलतभाऊ. एका परंपरेप्रमाणे त्यांचा बाप अफेरिअस आणि टिंडॅरिअस हे सख्खे भाऊ होते. चौघांनी मिळून आर्केडियातून गुरे पळवून आणली. वाटणीचे काम इडासकडे आले. त्याने एक जनावर कापून त्याचे चार भाग केले आणि अट घातली: जो आपला भाग आधी संपवील त्याला निम्मी गुरे, त्याच्या मागोमाग संपवील त्याला उरलेली. बाकीचे सावरून बसेपर्यंत इडासने स्वतःचा भाग गिळला, पाठोपाठ भावाचाही, आणि सगळा कळप मेसीनियाकडे हाकून नेला. कॅस्टर आणि पोलक्स चिडून मागे गेले, गुरे परत आणली, आणखी लूटही आणली आणि चुलतभावांच्या वाटेवर दबा धरून बसले.

पुढचा प्रसंग इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला कवी पिंडार याने आर्गोसच्या एका मल्लाच्या गौरवासाठी रचलेल्या काव्यात सांगितला आहे. लिन्सिअसची नजर सर्व माणसांत तीक्ष्ण होती. टेगेटस डोंगरावरून त्याने ओकच्या पोकळ खोडात बसलेले भाऊ हेरले, आणि इडासच्या भाल्याने कॅस्टरचा वेध घेतला. पोलक्स त्यांच्या मागे धावला. ते दोघे आपल्या बापाच्या थडग्यापाशी थांबले, थडग्यावरचा घडीव दगड उपटला आणि पोलक्सच्या छातीवर फेकून मारला. तो मागे हटला नाही. त्याने लिन्सिअसच्या कुशीत भाला घुसवला, आणि इडासवर झ्यूसने वीज टाकली. वाटणीच्या भांडणात मुलांनी बापाच्या थडग्याचा दगड हत्यार म्हणून उचलला. आपल्याकडे वडिलार्जित जमिनीच्या तंट्यात मेलेल्या बापाची जुनी कागदपत्रे, त्याच्या सह्या, त्याने कधीतरी काढलेला एखादा शब्द जसा एकमेकांवर फेकला जातो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा दगड ओळखीचा वाटेल.

पोलक्स धावत भावाकडे परतला. कॅस्टर अजून मेला नव्हता. घरघर लागली होती. पोलक्सने रडत झ्यूसला विनवले की मलाही याच्याबरोबर मरण दे. जिवलग गेल्यावर माणसाचा मान संपतो आणि संकटात कष्टांचा वाटा उचलणारे फार थोडे असतात, असे तो म्हणतो. झ्यूस समोर येऊन उभा राहिला. तू माझा मुलगा आहेस, हा नाही, हे त्याने आधी स्पष्ट केले. मग दोन वाटा पुढे ठेवल्या. मरण आणि म्हातारपण टाळून देवांबरोबर ऑलिंपसवर राहा. नाहीतर, भावाशी सगळे समसमान वाटून घ्यायचे असेल, तर अर्धा काळ जमिनीखाली आणि अर्धा काळ स्वर्गात श्वास घे. पोलक्सच्या मनात दुसरा विचार आला नाही, एवढेच पिंडार सांगतो. निवड काय झाली हे तो पोलक्सच्या तोंडी घालत नाही. तो फक्त दाखवतो की झ्यूसने कॅस्टरचा डोळा आधी मोकळा केला आणि मग आवाज. मिटलेली पापणी उघडली, बंद पडलेला कंठ फुटला, आणि काव्य तिथेच संपते.

पोलक्सने इथे जे केले त्याला आपण सहज त्याग म्हणू, पण तो त्याहून वेगळा आहे. त्याने कॅस्टरच्या बदल्यात स्वतःचा जीव दिला नाही. तसे केले असते तर एक मेला असता आणि एक उरला असता, फक्त नावांची अदलाबदल झाली असती. त्याने भावासाठी स्वर्गात नुसती जागाही मागितली नाही. स्वतःचे अमरत्व आणि भावाचे मरण एकत्र ठेवून त्याचे दोन सारखे भाग केले. म्हणजे जे भावाकडे कमी होते ते त्याने आपल्यातून भरले, आणि जे भावाच्या वाट्याला जास्त आले होते, म्हणजे दुःख, ते आपल्याकडे ओढून घेतले. इडासने वाटणी केली ती दुसऱ्याला काही उरू नये म्हणून. पोलक्सने वाटणी केली ती दुसऱ्याला एकट्याने काही सोसावे लागू नये म्हणून. एकाच कथेत या दोन वाटण्या शेजारी शेजारी आहेत, आणि पहिलीच्या पोटी भाल्याचे आणि विजेचे तीन घाव आहेत, दुसरीच्या पोटी आकाशातले स्थान.

या कथेचा एक पाठभेद तर अधिक कठोर आहे. होमर ओडिसीत सांगतो की ते एक दिवस जिवंत असतात, एक दिवस मृत. दोघे मिळून एक दिवस वर आणि एक दिवस खाली, असा याचा अर्थ काहींनी लावला. पण दुसऱ्यांनी तो असा घेतला की आळीपाळीने एक वर असतो तेव्हा दुसरा खाली. व्हर्जिलनेही पोलक्सने आळीपाळीच्या मरणाने भावाला सोडवल्याचे म्हटले आहे. हा अर्थ खरा मानला तर पोलक्सला अर्धा स्वर्ग सोडूनही भावाची सोबत मिळालीच नाही. घरातल्या एकाच्या शिक्षणासाठी दुसरा परगावी राबतो, आजारी भावाच्या औषधांसाठी कोणी रात्रपाळी घेतो आणि दोघांची गाठ आठवड्यातून तासाभराचीही पडत नाही, अशी घरे आपल्या गावांत, मुंबईच्या चाळींत आणि आखातातल्या कामगारांच्या खोल्यांत कमी नाहीत. त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

अशा या जोडीला ग्रीक आणि रोमन जगाने देवत्व दिले ते उगीच नाही. स्पार्टात दोन राजघराण्यांचे दोन राजे एकाच वेळी राज्य करत. हेरोडोटस सांगतो की पूर्वी दोन्ही राजे युद्धाला निघाले की त्यांच्याबरोबर हे दोन्ही भाऊही असत. पुढे राजांमध्ये बेबनाव झाला आणि एकानेच मोहिमेवर जावे असा कायदा झाला, तेव्हा या दोन देवांपैकीही एकाला घरी ठेवण्यात आले. स्पार्टात त्यांची जुनी खूण म्हणजे दोन उभे सोट आणि त्यांना जोडणारे आडवे वासे. प्लुटार्कने बंधुप्रेमावरच्या आपल्या निबंधाची सुरुवात या खुणेपासून केली आहे. दोन खांब वेगळे आहेत आणि आडव्या लाकडांनी जोडलेले आहेत. एकत्र कुटुंबाची याहून सरळ आकृती सापडणे कठीण.

रोमच्या फोरममध्ये इसवी सनपूर्व ४८४ मध्ये त्यांचे देऊळ उभे राहिले. पुढच्या जीर्णोद्धारातले तीन स्तंभ आजही तिथे आहेत. देऊळ दोघांचे, पण रोमन लोकांच्या तोंडी ते बहुतेक कॅस्टरचेच देऊळ राहिले. अमर भावाने आपला मोठेपणा वाटून टाकला आणि नाव मर्त्य भावाचे झाले, याची खंत त्या कथेत कुठे नाही. खलाशी वादळात या भावांचा धावा करत. डोलकाठीच्या टोकावर विजेचे निळसर तेज दिसले की भाऊ आले असे मानत. ख्रिस्ती वाचकांना आठवेल की प्रेषितांच्या कृत्यांत पौल माल्टाहून रोमकडे ज्या जहाजाने गेला त्यावर याच जुळ्यांची निशाणी होती. आणि भारताच्या वेशीपर्यंत ते घोड्यावरून आले. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात बॅक्ट्रियात राज्य करणारा ग्रीक राजा युक्रॅटिडीस याने आपल्या नाण्यांवर भाले घेतलेले हे दोन घोडेस्वार छापले. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर ग्रीकबरोबर खरोष्ठी लिपीही आहे. त्याचे सुमारे १६९ ग्रॅमचे एक सुवर्णनाणे, प्राचीन जगातले सर्वांत जड म्हणून ओळखले जाणारे, आज पॅरिसमध्ये आहे. त्यावरही हेच दोन भाऊ दौडत आहेत. ग्रीकांच्याही आधी बॅबिलोनियात या ताऱ्यांना थोरले जुळे म्हणत आणि पाताळाच्या दाराचे रक्षक मानत. मृत्यूच्या उंबरठ्याशी या जोडीचा संबंध एवढा जुना आहे.

मात्र या भावांना डोक्यावर घेताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ल्युसिपस याच्या दोन मुली, फीबी आणि हिलाइरा, इडास आणि लिन्सिअस यांना द्यायच्या ठरल्या होत्या. कॅस्टर आणि पोलक्स यांनी त्यांना पळवून नेले, आणि काही कथांत वैराचे मूळ गुरे नसून हेच आहे. रूबेन्सने रंगवलेला तो प्रसंग म्युनिकच्या संग्रहालयात आहे. त्या चित्रात घोडे आणि भाऊ जेवढे बलदंड, तेवढीच त्या दोघींची धडपड स्पष्ट. एकमेकांसाठी मरायला तयार असलेले भाऊ दुसऱ्यांसाठी काळ ठरू शकतात. आपल्याही गावांत भावाभावांची एकी दुसऱ्याच्या बांधावर चालून जाण्यासाठी वापरली जाते, आणि तिला एकोपा म्हणून मिरवलेही जाते. बंधुप्रेमाची खरी किंमत घराच्या बाहेरही लागते. रामकथेत हे भान आहे: भावाचे प्रेम आणि भावाचा अन्याय यांत निवड करायची वेळ आली तेव्हा बिभीषणाने रावणाची बाजू सोडली. भाऊ आहे म्हणून सारे माफ, असा धडा तिथे मिळत नाही.

आणि बहिणीचे काय? थिसिअसने लहानपणी हेलनला पळवून आफिड्ना इथे ठेवले, तेव्हा हे दोघे सैन्य घेऊन गेले आणि बहिणीला परत घेऊन आले. पुढे इलियडच्या तिसऱ्या सर्गात हेलन ट्रॉयच्या तटावर उभी आहे. खाली ग्रीक वीरांची ओळख सांगताना तिची नजर आपल्या दोन भावांना शोधते. माझ्या बदनामीची लाज वाटून ते आले नसतील, असे तिला वाटते. ते केव्हाच मायभूमीच्या मातीत गेले आहेत, हे तिला ठाऊक नाही. बहिणीला भावांची आठवण येते आणि त्याच क्षणी ती स्वतःला दोष देते, हे होमरने दोन-चार ओळींत टिपले आहे. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरीही हक्कसोडपत्रावर सही करताना, माहेर तुटेल या धास्तीने बहीणच अपराध्यासारखी मान खाली घालते. भावांनी आपापसांत कितीही प्रेमाने वाटून घेतले, आणि तिला लाजेच्या कोपऱ्यात ठेवले, तर ती वाटणी इडासचीच.

दुर्बिणीने या दोन ताऱ्यांविषयी जे सांगितले तेही ऐकण्यासारखे आहे. पोलक्स आपल्यापासून सुमारे ३४ प्रकाशवर्षे दूर आहे, कॅस्टर सुमारे ५१. शेजारी दिसतात, पण शेजारी नाहीत. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा कॅस्टर प्रत्यक्षात सहा ताऱ्यांचा कबिला आहे. त्यातले दोन ठळक तारे एकमेकांभोवती फिरतात हे विल्यम हर्शेल यांनी १८०३ मध्ये दाखवले, आणि सूर्यमालेच्या पलीकडेही गुरुत्वाकर्षणाचे बंधन चालते याची खूण माणसाला मिळाली. पोलक्स एकटा आहे. त्याच्याभोवती एक मोठा ग्रह फिरतो. विज्ञानाच्या हिशेबात या दोघांचे नाते नाही. ते माणसांनी लावले, आणि हजारो वर्षे जपले. भावांचेही असेच असते. जन्माने जवळ येणे हा योग. जवळ राहणे ही प्रत्येक पिढीने नव्याने करायची गोष्ट.

आज महाराष्ट्रातली शेते पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाऊन तुकड्या-तुकड्यांची झाली आहेत. सातबाऱ्यावर नावे वाढतात आणि क्षेत्र घटते. बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ तहसील आणि कोर्टाच्या फेऱ्या मारत म्हातारे होतात. शहरांत सदनिका आणि पागडीच्या खोल्यांवरून तेच चालते. वाटणी होऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. संसार वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, त्यात पाप काही नाही. रीतसर, कागदावर, सर्वांना बोलावून केलेली वाटणी पुष्कळ भांडणे वाचवते. आमचे म्हणणे एवढेच की आपल्या वाटणीपत्रात फक्त येण्याच्या बाजूचा हिशेब असतो. जमीन, घर, दागिने, झाडे, विहिरीतल्या पाण्याची पाळी, सगळे लिहिले जाते. आई अंथरुणाला खिळली तर कोण कोणते महिने पाहील, धाकट्याच्या डोक्यावरचे सोसायटीचे कर्ज कोणी किती उचलायचे, ज्याच्या घरी अपंग मूल आहे त्याला आयुष्यभर काय लागेल, हे कुठे लिहिलेले नसते. ते ज्याच्या नशिबी येते त्याचे एकट्याचे होते. झ्यूसच्या पहिल्या शब्दांचा अर्थही हाच होता: तो तुझ्या बापाचा नाही, त्याचे मरण त्याचे आहे. कायद्याने ते खरे होते. पोलक्सने ते मानले नाही.

रामकथेतही या प्रसंगाला जोड आहे. रावणाच्या शक्तीने लक्ष्मण पडतो तेव्हा राम युद्ध, राज्य आणि सीतेची प्राप्ती यांतले काही आता नको म्हणतो आणि भावाच्या मागे जाण्याची भाषा करतो. तिथे औषधीचा डोंगर आला आणि लक्ष्मण उठला. पण डोंगर येण्याआधी, लक्ष्मण उठेल की नाही हे ठाऊक नसताना, राम काय सोडायला तयार होता ते आपण पाहिले. भरतानेही राज्य नाकारले ते रामाने परत यावे अशी अट घालून नव्हे. सुखाचा वाटा मागून कोणी भाऊ होत नाही, संकटाचा वाटा मागून होतो, ही दोन्ही कथांची साक्ष आहे.

चैत्रापासून आंब्याच्या आणि लग्नाच्या दिवसांत कुटुंबे गावाकडे एकत्र येतात. बोलण्याची सवड असते आणि माणसेही समोर असतात. ज्यांच्या घरी वाटणी व्हायची आहे त्यांनी याच दिवसांत कागदाच्या मागच्या बाजूला दुसरी यादी करावी: घरातले आजार, कर्जे, म्हातारपणे, आणि ज्याला कोणी नाही त्याची जबाबदारी. बहिणींना त्या बैठकीला बोलवावे. सही घेण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी. ज्यांची वाटणी होऊन गेली आणि बोलणे बंद झाले, त्यांच्यातल्या ज्याचे बरे चालले आहे त्याने आधी फोन करावा, कारण देण्यासारखे त्याच्याकडेच अधिक आहे. पोलक्सकडेही देण्यासारखे होते म्हणून पहिले पाऊल त्याचे होते. भावाला आपल्या सुखातला हिस्सा द्यायला मोठे मन लागते; त्याच्या दुःखातला हिस्सा आपल्या नावावर करून घ्यायला त्याहून मोठे. रामाचे नाव घेणाऱ्या समाजाने एवढे मन स्वतःकडून मागायला हरकत नसावी.